गरमी घेणारी शेजारीण

फाल्गुन सरायच्या आतच प्रल्हाद ताथोडांची राळ पातळ झाली. यंदा गॅरेजात गारवा आणल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही, हे त्यांनी मनाशी कबूल केलं.

प्रल्हादराव वीजकेंद्राच्या उपकरण विभागातून निवृत्त झालेले. अकोल्यात स्वतःचं बैठं घर, घराला लागून गॅरेज. गाडी विकून टाकल्यापासून त्या गॅरेजात ते दुर्बिणीचे आरसे घडवत. दोन बोटं जाडीची काचेची गोल तबकडी घ्यायची, खरखरीत भुकटीवर घासघासून तिला उथळ वाटीसारखी खोल करायची आणि शेवटी राळ ओतलेल्या थाळीवर दिवसचे दिवस पॉलिश करत नेमका आकार द्यायचा. हा शेवटचा टप्पा मोठा नाजूक. राळ अशी हवी की नख दाबलं तर जेमतेम खूण उमटावी. फार गार पडली तर काचेला ओरबाडते, तापली तर गुळाच्या पाकासारखी पसरते आणि आरशाची कड बिघडवते. काच स्वतःही गरमीनं फुगते. फुगते ती केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढीच, पण आरसा बिघडायला तेवढं पुरतं.

या वेळची काच तर परक्याची ठेव होती. मेळघाटातल्या एका निवासी शाळेच्या मुलामुलींनी ती हिवाळाभर पाळीपाळीनं, लोखंडी पिंपावर ठेवून, पिंपाभोवती फेऱ्या घालत स्वतःच्या हातांनी घासली होती. त्यांचे शिक्षक सुखदेव कासदेकर ती गोधडीत गुंडाळून घेऊन आले, तेव्हा लेकराला मांडीवरून उतरवावं तशी त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"ताथोडसर, खडबडीत काम पोरांनी केलं. बारीक काम आमच्यानं होणार नाही," ते म्हणाले. "ज्येष्ठात धूमकेतू येतोय. पाऊस लागला की संपलं. त्याच्या आत पोरांना त्यांच्याच आरशातून दाखवायचाय."

प्रल्हादरावांनी शब्द दिला होता. आणि आता राळ वाहत होती.

"चांगलासा कूलर बसवा की," त्यांच्या पत्नी सिंधूताई दारातून म्हणाल्या. त्या जन्मभर दवाखान्यात परिचारिका होत्या. समोर दुखणं दिसलं की उपाय सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"कूलर बाहेरची हवा ओढतो, अगं. हवेबरोबर धूळ. राळेत एक कण अडकला की काचेवर ओरखडा, मग पुन्हा पहिल्यापासून घासा."

"मग एसी?"

प्रल्हादरावांनी मागच्या खिडकीकडे पाहिलं. सिंधूताईंनीही लगेच जीभ चावली.

एसी त्यांनी गेल्या वर्षी बसवला होता. आतला डबा गॅरेजात, बाहेरचा डबा मागच्या बोळात. बोळाच्या पलीकडे द्वारकाबाई भावसारांचं अंगण. त्या कापड रंगवायच्या. पळसाची फुलं, डाळिंबाची सालं, मंजिष्ठा असे झाडापानांचे रंग. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला. अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये कढया. एसी सुरू झाला तसा बाहेरच्या डब्याचा भपकारा थेट त्यांच्या शेडमध्ये जाऊ लागला. तोवर शहरात नवा नियम आला होता. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लागोपाठ रात्रीही तापलेल्या राहिल्या, माणसं दगावली, आणि मोजमाप केल्यावर लक्षात आलं की दाट वस्तीतले बोळ उघड्या माळापेक्षा कितीतरी जास्त गरम आहेत. कारण प्रत्येक घर आपापली गरमी बोळात ओतत होतं. तेव्हापासून शेजाऱ्याची हरकत असेल तर गरम वारा बाहेर सोडायला बंदी झाली. द्वारकाबाईंनी हरकत घेतली. एसी उतरवावा लागला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. द्वारकाबाई अंगणात असल्या तर प्रल्हादराव मागच्या बोळात कचरा टाकायलासुद्धा जात नसत.

दुसऱ्या दिवशी ते टिळक रोडवरच्या शेगोकारांच्या दुकानात गेले. शेगोकार तरुण होता, बोलका होता आणि गिऱ्हाईक शिकलेलं दिसलं की खुलायचा.

"काका, तुमच्या कामाला नुसता गारवा नको, स्थिर गारवा हवा. जुना एसी थांबतो, सुरू होतो. पारा वरखाली होतो. तुम्हाला हे पाहिजे." त्यानं एका कपाटाएवढ्या राखी डब्यावर हात ठेवला. डबा चालू होता, पण आवाज म्हणून नव्हता. "यात गॅस नाही. कॉम्प्रेसर नाही. आत मेणासारखे दिसणारे स्फटिक आहेत."

"दाबाचे स्फटिक? वाचलंय मी," प्रल्हादराव म्हणाले. "पण नीट कळलं नाही."

"सोपं आहे. मधल्या सुट्टीत शाळेचं मैदान कसं असतं? पोरं जागच्या जागी गरागरा फिरतायत, उड्या मारतायत. या स्फटिकातले रेणू तसे आहेत. आता मास्तर आले आणि सगळ्यांना दाटीवाटीनं रांगेत उभं केलं. मस्ती जिरली. पण ती गेली कुठे? उष्णता होऊन बाहेर आली. स्फटिक दाबला की तो तापतो. ती गरमी आपण पाण्यानं काढून घ्यायची. मग दाब सोडायचा. पोरं पुन्हा मोकाट. पण आता फिरायला त्यांना जोर पाहिजे, तो ती आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतात. हवा गार."

"एका दाबात फरक तो किती पडणार?"

"थोडासाच. म्हणून स्फटिकांच्या अशा डब्या एकापुढे एक लावल्यात. स्लॅबच्या कामावर घमेली कशी हातोहात वर चढतात? पहिली डबी खोलीतली गरमी उचलते, दुसरीच्या हातात देते, दुसरी तिसरीच्या. शेवटच्या डबीपाशी पासष्ट अंशांचं पाणी मिळतं. खोलीत चोवीस म्हणजे चोवीस, सकाळ-संध्याकाळ तेच."

प्रल्हादरावांनी डब्याला कान लावला. आतून फक्त माठ पाझरावा तसा आवाज येत होता. त्यांना तो डबा त्याच क्षणी हवासा वाटला.

"द्या मग."

"देतो की. घेणारा दाखवा."

"कोण घेणारा?"

"गरम पाण्याचा घेणारा," शेगोकार म्हणाला. "काका, गरमी नाहीशी होत नाही, तिची फक्त जागा बदलते. या यंत्राला परवानगी मिळते ती एकाच अटीवर. निघालेली गरमी कुणीतरी रोज वापरली पाहिजे. गरम पाण्याची टाकी गार झाली नाही, तर यंत्र आपोआप थांबतं. दाबून काढलेली गरमी ठेवायला जागाच नसते ना. आणि घेणारा जवळचा पाहिजे. लांब नळ टाकला की पाणी वाटेतच निवतं."

अकोल्यात, चैत्र-वैशाखात, गरमी घ्यायला कोण तयार होणार? प्रल्हादराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की शेगोकार हसत नाहीये.

शहरात या यंत्रानं गंमतच मांडली होती. एरवी ज्यांच्या शेजारी घर नको म्हणायचे, त्या लॉण्ड्रीवाल्यांना, खानावळवाल्यांना, साबण करणाऱ्यांना एकदम भाव आला होता. लग्नाची बोलणी व्हावीत तशी बोलणी व्हायची. "तुमचं जमलं का?" असं कुणी विचारलं तर मुलीचं की यंत्राचं, ते कळायचं नाही. प्रल्हादरावांनी कोपऱ्यावरच्या खानावळीत विचारलं. त्यांनी आधीच वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची गरमी घेतली होती. डेअरीवाला तयार होता, पण तो चौकापलीकडे. लॉण्ड्रीवाल्यानं तर "यादीत नाव घालू का?" असं विचारलं.

कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाला आपल्यामुळे तोशीस पडू द्यायची नाही, या बाण्यानं जगलेला माणूस. तीन दारं फिरून आल्यावर पाणी पिऊन खुर्चीत टेकला.

"एक दार राहिलंय," सिंधूताई म्हणाल्या.

"नाही."

"तिला रोज कढयाभर गरम पाणी लागतं. सिलिंडर वाहून वाहून खांदा धरलाय तिचा. मागच्या आठवड्यात दवाखान्याच्या वाटेवर भेटली होती."

"तू बोलतेस तिच्याशी?"

"तुम्ही बोलत नाही. मी कशाला बंद करू?" सिंधूताई भाजी निवडत राहिल्या. "एसी काढायला लावला तेव्हा राग आला तुम्हाला. पण तो वारा आपल्या तोंडावर आला असता तर आपण काय केलं असतं?"

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर प्रल्हादराव बोळ ओलांडून गेले. द्वारकाबाई दोरीवरची ओलसर कापडं काढत होत्या. कोपरापर्यंत हात लाल. त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

"या जी, ताथोडभाऊ. आज इकडे काहून?"

प्रल्हादरावांनी जे पाठ करून आणलं होतं ते विसरले आणि सरळच सांगितलं. यंत्र काय, पाणी किती गरम, अट काय. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या.

"बाप्पा! म्हंजे गेल्या साली जी गरमी मी नाई म्हनलं, तीच आता नळातून देता का?"

"वारा नाही येणार. पाणी येईल. बंद नळातून."

"अन किती गरम म्हनलं?"

"पासष्ट अंश. कमी नाही, जास्त नाही."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दोरीवरचं एक कापड ओढून त्यांच्या हातात दिलं. लाल, पण मधे मधे विटेसारखं मळकट झालेलं. "हे पाहा. मंजिठीचं हाये. शेगडी जराशी जास्त झाली का लालाचं तपकिरी होते. मी दिवसभर आंचेपाशी उभी राह्यते, तरी हातून सुटते. पानी जागचं हललं नाई, तर मले पाह्यजेच हाये ते."

प्रल्हादरावांनी कापड उजेडाकडे धरलं. बिघडलेला आकार त्यांना काचेत ओळखता यायचा. इथे तो रंगात होता.

"पन माझीबी अट हाये," द्वारकाबाई म्हणाल्या. "मले रोज लागते. तुमाले वाटलं तवा यंत्र चालू, कटाळा आला तवा बंद, असं जमनार नाई."

"मलाही रोजच पाहिजे. तुम्ही पाणी वापरलं नाहीत तर माझं काम थांबेल."

"मंग बांधले गेलो आपन," त्या म्हणाल्या आणि कापडाची घडी घातली.

चैत्राच्या शेवटाला यंत्र बसलं. गॅरेजात चोवीस अंश म्हणजे असं की दार उघडून आत पाऊल टाकलं की अंगावरची सगळी दुपार गळून पडायची. राळ नखाला हवी तेवढीच खूण देऊ लागली. प्रल्हादराव थाळीवर काच ठेवत, पॉलिशची लालसर पावडर पाण्यात कालवून शिंपडत आणि मग लांब, सावकाश हात फिरवत. थोडा वेळ घासायचं, काच निवू द्यायची, दिव्यासमोर धरून सावलीत आकार पाहायचा, पुन्हा घासायचं. बाहेर डांबर मऊ होत होतं. आत त्यांचा आरसा एकेका दिवसानं खरा होत होता.

बोळाच्या पलीकडे कढया भरत होत्या. पहिल्या आठवड्यातच द्वारकाबाई एक ओढणी घेऊन आल्या, थेट गॅरेजात. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल, पिकल्या बोरासारखा. "इतक्या सालात असा निघाला नवता," त्या म्हणाल्या आणि मग तिथल्या गारव्यानं डोळे मिटून क्षणभर उभ्याच राहिल्या. सिंधूताईंनी त्यांना स्टूल दिलं. तेव्हापासून दुपारच्या चहाला त्या गॅरेजात येऊ लागल्या. प्रल्हादराव काम करत, बायका हळू आवाजात बोलत. पहिल्यांदा त्यांना ते अवघड वाटलं. पुढे पुढे चहाची वेळ टळली की ते दाराकडे पाहायचे.

एका विणकर संस्थेनं द्वारकाबाईंचा लाल पाहिला आणि लग्नसराईसाठी ओढण्यांची मोठी ऑर्डर दिली. त्यांनीही शब्द दिला.

वैशाख भर उन्हात असताना ते घडलं. सकाळी बादली उचलताना ओल्या फरशीवर द्वारकाबाईंचा पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. आवाज ऐकून सिंधूताई धावल्या. हात पाहूनच त्यांनी ओळखलं आणि रिक्षा बोलावली. दुपारी त्या परत आल्या तेव्हा द्वारकाबाईंचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

प्रल्हादराव चौकशी करून आले, काही लागलं तर सांगा म्हणाले आणि कामाला लागले. आरसा शेवटच्या वळणावर होता. संध्याकाळी यंत्राचा पाझर थांबला. त्यांना आधी कळलंच नाही. मग शांतता जास्त झालीय असं वाटून त्यांनी काट्याकडे पाहिलं. टाकी भरलेली, पाणी पासष्टावर, आणि ते कुणी वापरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅरेज तीस अंशांवर गेलं. राळेवर बोट ठेवलं तर बोट रुतलं. त्यांनी काच उचलून ओल्या कापडात गुंडाळली आणि शेगोकारला फोन लावला.

"काका, यंत्राच्या मागे लाल दांडा आहे," शेगोकार म्हणाला. "तो ओढला की गरमी पंख्यानं बाहेर जाते. अडीअडचणीसाठी दिलाय. थोडा वेळ चालतो. पण वारा बोळात जाणार, तेवढं बघा."

प्रल्हादराव दांड्यासमोर उभे राहिले. मुलांनी पिंपाभोवती घातलेल्या फेऱ्या त्यांना आठवल्या. धूमकेतू काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. थोडाच वेळ, ते स्वतःला म्हणाले, आणि दांडा ओढला. पंखा घरघरला. गारवा हळूहळू परत येऊ लागला. मागच्या खिडकीतून त्यांनी बाहेर पाहिलं.

द्वारकाबाईंच्या घरात पत्र्याखाली बसवत नव्हतं, म्हणून त्यांची खाट शेडच्या सावलीत टाकलेली होती, बोळाच्या कडेला. सिंधूताई त्यांना ग्लासानं पाणी पाजत होत्या. वारा आला तसा द्वारकाबाईंनी डावा हात तोंडापुढे धरला. सिंधूताईंनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

प्रल्हादरावांनी दांडा खाली केला. पंखा बंद पडला.

मग ते चपला घालून बोळ ओलांडून गेले. खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला रंगवायला शिकवा."

"तुमाले?" द्वारकाबाई उठून बसल्या. "तुमी काहून? तुमचा आरसा सोडून?"

"आरशासाठीच. पाणी वापरलं गेलं तर यंत्र चालेल. तुमची ऑर्डरही जाईल. हात माझे, डोकं तुमचं."

द्वारकाबाईंनी सिंधूताईंकडे पाहिलं. सिंधूताई पदर खोचतच होत्या. "मी पण आहे," त्या म्हणाल्या. "हे एकटे कढईत पडतील."

तो दिवस प्रल्हादरावांना पुढे कधी विसरता आला नाही. ओढण्या आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग मंजिष्ठेच्या कढईत. खाटेवरून हुकूम सुटत होते. "पूर्न बुडवा जी, बोटानं काय शिवता! अन हालवत राहा. थांबलं का डाग." प्रल्हादरावांना वाटलं, हालवणं ते काय, आपण तर आयुष्यभर हातच फिरवलाय. त्यांनी काचेवर फिरवतात तसे लांब, सावकाश, मोजून हात फिरवले, आणि पहिली ओढणी बाहेर काढली तेव्हा ती चित्त्यासारखी ठिपक्याठिपक्यांची निघाली.

सिंधूताईंनी तोंडावर हात ठेवला. द्वारकाबाई प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसल्या, दुखत होतं तरी हसल्या. "ही वेगळी ठेवा. ही मी माह्या नातीले देईन. सांगीन, आबानं रंगवली."

सिंधूताईंची पहिलीच ओढणी चांगली निघाली. त्यांनी त्याचा फार गाजावाजा केला नाही, पण जेवताना दोनदा आठवण काढली.

टाकी रिकामी झाली. बोळाच्या अलीकडे यंत्र पुन्हा पाझरू लागलं. मग त्यांचा नेमच ठरला. सकाळी कढया, राळ स्थिर झाली की दुपारी काच, उन्हं कलल्यावर पुन्हा कढया. प्रल्हादरावांचे खांदे भरून यायचे, नखांच्या कडा लाल व्हायच्या. काचेला हात लावण्याआधी ते साबणानं, लिंबानं, शेवटी दगडानं हात घासायचे. रंग काही जायचा नाही. पण ठिपके कमी होत गेले आणि एक दिवस त्यांनी काढलेली ओढणी द्वारकाबाईंनी उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि चांगल्यांच्या ढिगावर ठेवली. वीजकेंद्रात बढती मिळाली तेव्हासुद्धा प्रल्हादराव इतके खूश झाले नव्हते.

याच दिवसांत गल्लीच्या टोकाचे एक गृहस्थ द्वारकाबाईंकडे येऊन गेले. मोठा बंगला, मोठं यंत्र घ्यायचं होतं, घेणारा मिळत नव्हता. शेड पक्की बांधून देतो, नव्या कढया देतो, फक्त ताथोडांचा नळ काढा आणि माझा जोडा, असं त्यांचं म्हणणं. प्रल्हादराव कढईपाशी उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. हात हलवायचा थांबला.

"हालवत राहा जी," द्वारकाबाई त्यांना म्हणाल्या. मग त्या गृहस्थांकडे वळल्या. "दादा, तुमी गरमी द्याल. पन हात मोडला तर कढई हालवाले याल का?"

गृहस्थ काही वेळ हसत राहिले आणि गेले.

ओढण्या वेळेत गेल्या. आरसा चार दिवसांनी पुरा झाला. शेवटच्या सावलीत कुठे उंचवटा नव्हता, कड सरळ होती. प्रल्हादरावांनी तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा सिंधूताईंना पाहायला लावला. त्यांना त्यात काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, "छान गुळगुळीत दिसतोय." आरसा चकाकीचा थर द्यायला पाठवला आणि ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात तिघं मिळून मेळघाटात गेले. द्वारकाबाईंचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं, हात गळ्यात अडकवलेला होता.

शाळेच्या मैदानात कासदेकर गुरुजींनी लाकडी दुर्बीण उभी केली होती. सूर्य डोंगरामागे गेला, पश्चिमेला केशरी पट्टा उरला आणि त्याच्या वर, हातभर उंचीवर, तो दिसला. नुसत्या डोळ्यांना पुसट बोटासारखा. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याचं डोकं हिरवट आणि मागे उडत गेलेली शेपटी, इतकी स्पष्ट की पहिली मुलगी डोळा लावल्यावर बाजूलाच होईना. मागची रांग ओरडू लागली.

"थांबा रे," ती म्हणाली, "मी एवढी घासलीय काच, मला बघू द्या."

द्वारकाबाईंची पाळी आली तेव्हा त्या खूप वेळ वाकून राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या. "इतकं लांबचं," त्या म्हणाल्या, "अन इतकं साफ." परतीच्या वाटेवर गाडीत सिंधूताईंना झोप लागली होती.

मृगात पाऊस आला आणि अकोला निवलं. यंत्राचं काम संपलं असं प्रल्हादरावांना वाटलं. गॅरेजात आता तसंही बरं होतं. त्यांनी डब्याचं बटण बंद केलं, वर चादर टाकली आणि दोन दिवस आराम केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई दारात उभ्या. डोक्यावर इरलं करून घेतलेली प्लॅस्टिकची पिशवी, हातात रिकामी बादली.

"ताथोडभाऊ, मंजिठ घातली अन पानी थंडगार! श्रावनाच्या ओढन्या कशा निघतील?"

"पण आता मला गारवा नकोय, द्वारकाबाई."

"मले गरमी पाह्यजे ना पन." त्या सिंधूताईंकडे वळल्या. "सांगा ना वहिनी, यायले. रोज लागते म्हनलं होतं का नाई मी?"

गणित साधंच होतं. गरमी काढायची तर ती कुठून तरी काढावी लागणार, आणि यंत्राच्या आतल्या टोकाला त्यांचंच गॅरेज होतं. प्रल्हादरावांनी चादर काढली, चोवीसवरचा काटा बराच खाली सरकवला आणि बटण दाबलं.

श्रावणात कासदेकर गुरुजी नव्या काचेचं बोलायला आले, तेव्हा बाहेर सरी येत होत्या आणि गॅरेजात सतरा अंश होते. प्रल्हादराव सिंधूताईंनी विणलेला जाड स्वेटर घालून, कानांना मफलर गुंडाळून खडबडीत काच घासत होते. खडबडीत कामाला राळ लागत नाही, गारठा चालतो. नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि ते गुणगुणत होते.

"सर, तब्येत बरी आहे ना?" गुरुजींनी घाबरून विचारलं. "एवढी थंडी कशाला करून ठेवलीत?"

"बसा, बसा. त्या खुंटीवर शाल आहे, घ्या," प्रल्हादराव म्हणाले आणि काचेवरचा हात न थांबवता मागच्या खिडकीकडे मान केली. खिडकीबाहेर बोळापलीकडच्या शेडमध्ये वाफ उठत होती आणि पत्र्याखालच्या दोरीवर एकसारख्या लाल ओढण्या वाळत होत्या.